पाखरांच्या वाटेवरचं दार

१

कुणाच्याही घरी गेलो की माझी नजर आधी दाराकडं जाते, माणसांकडं नंतर. धंदाच तसा आहे. अक्कलकोट रोडला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. दारं, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, शटर, सगळं करतो. रुक्साना, म्हणजे माझी बायको, अजून लोकांना सांगते की आरिफ मला बघायला आला आणि मला सोडून आमच्या दाराची बिजागरी बघत बसला. खोटं नाही. बिजागरी उलटी लावली होती.

तर अशा माणसानं मागचं दारच नसलेलं घर भाड्यानं घेतलं, हा विनोद दुकानात बरेच दिवस पुरला.

घर वळसंगच्या अलीकडं, माळावर. एकामागं एक दोन खोल्या, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. पुढचं दार उगवतीला. त्याच्या अगदी समोर, मागच्या खोलीच्या भिंतीत दाराएवढी मोकळी जागा. चौकट नाही, कडी नाही, काही नाही. मालक बिरुदेव मेंढरांवाला. तो आणि त्याची आई म्हाळसाबाई शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे. पक्कं घर त्यांनी हौसेनं बांधलं, पण म्हातारीला स्लॅबखाली झोप येईना, म्हणून ते आमच्या नशिबी आलं.

शहर सोडलं ते मारियासाठी. मारिया आमची एकुलती एक. लग्नानंतर फार वर्षांनी झालेली, दवाखान्याच्या आणि दर्ग्याच्या पायऱ्या झिजवून झाल्यावर. शहरात आमच्या खोलीला लागूनच यंत्रमाग होते. सुताची धूळ दारातून यायची, खिडकीतून यायची, डाळीतसुद्धा पडायची. पोरगी खोकून खोकून बसल्या बसल्या झोपायची. डॉक्टर म्हणाले, हिला मोकळ्या हवेत न्या. माळावर आलो आणि पावसाळा संपायच्या आत तिचा खोकला गेला. त्या पोरीच्या छातीतली घरघर थांबली त्या सकाळी मी मागच्या अंगणात जाऊन रडलो होतो, हे रुक्सानालाही माहीत नाही.

घरात आम्ही दखनी बोलतो. इथं मराठीत सांगतोय, एवढं समजून घ्या.

२

माळावर तरवडाचं झुडपी रान माजलेलं. पावसाळ्यात त्याच्या पानांवर हिरव्या आळ्या आल्या, पानाच्याच रंगाच्या. बोट लावलं तरच आळी आहे हे कळायचं. मारियानं त्यांचा नाद घेतला. शाळेतून आली की दप्तर टाकून तरवडापाशी. आळी पानं खाऊन जाड होते, मग काडीला उलटी टांगून घेते, कमरेला एक धागा बांधते आणि कोषात जाते, हे मला तिनं शिकवलं. एकदा कोष फुटताना तिनं मला ओढत नेलं. आतून चुरगळलेलं, ओलं काहीतरी बाहेर आलं, काडीला लोंबकळत राहिलं, आणि बघता बघता त्याचे पंख पसरून लिंबासारखे पिवळे झाले.

"आता हे काय करणार?" मी विचारलं.

"उडणार."

"कुठं?"

"सगळे जातात तिकडं," मारिया म्हणाली. पोरांची उत्तरं अशीच असतात.

दसरा झाला तशी म्हाळसाबाईंची बांधाबांध सुरू झाली. त्यांचा कळप दरवर्षी भीमेकडच्या रानात जातो. घोड्यावर भांडी, घोंगडी, कोंबड्या चढवल्या, कुत्री पुढं पळाली. जाता जाता म्हातारी आमच्या दारात थांबली. मारियाच्या गालावरून तिनं हात फिरवला.

"तुमी हितं ऱ्हा निवांत," ती मला म्हणाली. "आमी जातो जगाया. पाखरं बी आता जात्याली."

"पाखरं म्हणजे ही पिवळी?"

"व्हय. पाऊस सरला की त्येंचं बी हितलं सरतंय. आन हे बग लेकरा, पाखरं जात्यात तवर मागलं मोकळं ऱ्हाऊ दे. पुढलं बी उघडं ठेव दिवसाचं. घरातनं वाट हाय त्येंची."

"ठेवतो की मावशी," मी म्हणालो. म्हाताऱ्या माणसांना हो म्हणायला काय जातं?

३

त्यांची कुत्री गेली आणि माळावरची भटकी कुत्री आली. दोनच दिवसांत एक लूत भरलेलं कुत्रं मागच्या मोकळ्या जागेतून आत शिरलं आणि मारियाच्या अंथरुणावर येऊन बसलं. मी दुकानात, रुक्साना शहरात युनिफॉर्मच्या कारखान्यात शिवणकामाला. शाळेला दिवाळीची सुट्टी लागलेली. पोरगी एकटीच कुत्र्यासमोर भिंतीला चिकटून उभी. शेजारच्या वस्तीवरची बाई बघायला आली म्हणून बरं. संध्याकाळी हे ऐकलं आणि मी दुसऱ्या दिवशी दुकानातलं सगळं काम बाजूला सारून दार करायला घेतलं.

दार मी मन लावून केलं. अँगलची चौकट, जाड पत्रा, आतून आडवा पट्टा. माझ्या कामाची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. लोखंडी दार चौकटीत सरळ बसावं म्हणून आम्ही दार आणि चौकट वेल्डिंगचे टाके मारून एकत्र पक्की करतो. तशीच नेऊन भिंतीत उभी करतो आणि भोवती सिमेंट भरतो. सिमेंट नीट धरलं की मग ग्राइंडरनं टाके कापायचे. आधी कापले तर चौकट कललीच समजा, आणि कललेलं दार जन्मभर कुरकुरतं. म्हणजे दार बसवल्यावर चार-सहा दिवस ते दार नसतं, भिंतच असते.

दार बसलं. त्याच संध्याकाळी आमच्या भागाची विजेची डीपी मोठा आवाज करून जळाली. लाइनमन येऊन बघून गेला, म्हणाला वरून सामान यायला वेळ लागेल. पंखा बंद, फ्रिज बंद. ऑक्टोबरचा उकाडा आणि दोन खोल्यांत नुसती शांतता. मागून येणारा वाराही आता बंद झालेला. रुक्सानानं पदरानं वारा घेत विचारलं, "म्हातारी काहीतरी म्हणाली होती ना?"

"फुलपाखरांना स्लॅबवरून जाता येतं," मी म्हणालो.

४

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, माझं दुकान बंद. रुक्साना कामाला गेली. मी पुढच्या दारात बाज टाकून चहा पीत होतो आणि मारिया पायरीवर बसली होती. तीच आधी म्हणाली, "अब्बा, आले."

उगवतीकडून, जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर, पिवळी फुलपाखरं येत होती. सुरुवातीला सुटी सुटी. मग इतकी, की तरवडाची पिवळी फुलं कुठली आणि फुलपाखरं कुठली कळेना. सगळ्यांचं तोंड मावळतीला. फुलांवर बसत नव्हती, रेंगाळत नव्हती. एरवी फुलपाखरू दारू प्यायल्यासारखं उडतं. ही कामावर निघालेल्या माणसांसारखी सरळ चालली होती. एवढी मोठी झुंड आणि आवाज नाही. फार कान देऊन ऐकलं तर कुणीतरी लांबच्या खोलीत कागद चाळतंय असं वाटायचं.

आडवं काही आलं की ती फाकायची. विजेच्या खांबापाशी दोन्हीकडून जायची आणि पुढं पुन्हा एक व्हायची. मी जाऊन मधोमध उभा राहिलो. माझ्यापासून हातभर अंतर ठेवून ती दोन्ही बाजूंनी गेली. मारिया माझ्यापुढं उभी राहिली, हात पसरले. तिच्याही भोवती तिच्याएवढी जागा सोडून ती जाऊ लागली. पोरगी खिदळत होती. मला फार आनंद झाला होता. फोन काढून मी तिचा फोटोही घेतला.

मग मला माळावर दुसरी मोकळी जागा दिसली.

बाभळीच्या अलीकडं फुलपाखरं फाकत होती आणि पुढं पुन्हा एक होत होती. मधे काही नव्हतं. खांब नाही, झुडूप नाही, उघडा माळ. जागा माणसाएवढी उंच, खांद्यापाशी रुंद. मी म्हटलं, जमीन तापलीय, गरम हवा वर येत असेल, त्यानं फाकत असतील. पटण्यासारखं होतं. पण गरम हवा एका जागी राहील. ही जागा घराकडं येत होती. फुलपाखरांच्या वेगानं नाही, चालण्याच्या वेगानं. मधेच थांबत होती आणि पुन्हा निघत होती.

मी मारियाला उचलून बाजूला घेतलं. का घेतलं ते मला सांगता येणार नाही. ती जागा आमच्या समोरून गेली. तिच्या दोन्ही कडांना पिवळे पंख दाटले होते आणि मधून मला पलीकडचा रस्ता स्वच्छ दिसत होता. ती पायरीपाशी आली आणि पुढच्या दारातून आत गेली. तिच्यामागून झुंड आत घुसली.

मी दारात जाऊन बघितलं. मागच्या खोलीत फुलपाखरं माझ्या नव्या दारावर आपटत होती. पत्र्यावर टपटप असा आवाज. थोडा वेळ तशीच गिरक्या घेत राहिली आणि मग जशी आली तशी पुढच्या दारानं बाहेर पडून स्लॅबवरून निघून गेली. मी घराला वळसा घालून मागं धावलो. स्लॅबवरून ती खाली उतरत होती, पुन्हा एक होऊन मावळतीला जात होती. ती झुंड मी कितीतरी वेळ बघितली. मागच्या बाजूला तिच्यात कुठंही मोकळी जागा नव्हती.

५

संध्याकाळी रुक्सानाला मी फुलपाखरांचं सांगितलं, मोकळ्या जागेचं नाही. आधीच ती म्हणते की लोखंडाच्या धुरानं माझं डोकं फिरलंय.

दुसऱ्या दिवशी दुकानातून लवकर आलो. रुक्सानालाही त्या दिवशी अर्धीच पाळी होती. उजेड होता, मागच्या खोलीत ती भांडी लावत होती. मी बाजेवरून सहज बघत होतो. ती माठाकडं निघाली. माठ मागच्या दाराच्या डावीकडं, कोपऱ्यात. सरळ गेलं तर चार पावलं. ती सरळ गेली नाही. दारापासून थोडी अलीकडं आली की उजवीकडं सरकली, अर्धा वळसा घातला आणि माठापाशी पोचली. येतानाही तसंच. भरलेला तांब्या हातात, आणि तिनं खांदा थोडा आत घेतला. आपण गर्दीत कुणाच्या अंगाला अंग लागू नये म्हणून घेतो ना, तसा.

"तिथून का गेलीस?" मी विचारलं.

"कुठून?"

"वळसा घालून."

तिनं फरशीकडं बघितलं. "मी सरळच गेले की," ती म्हणाली. खरोखर तिला माहीत नव्हतं.

मी उठलो. मनाशी म्हटलं, आता आपण सरळ जायचं. चार पावलं टाकली, माठाचं झाकण काढलं आणि तेव्हा लक्षात आलं की मी भिंतीला घासून आलो होतो. माझ्या बाहीला चुना लागला होता.

मग मी खाली बसून ती जागा नीट बघितली. फरशी ओली होती. दोन ओले डाग, पावलांएवढे, एकमेकांलगत. वर गळती नाही, माठ लांब, आणि पाऊस जाऊन तीन आठवडे झालेले. ओलीच्या कडेला पांढरी खारवट रेघ आली होती, घामाच्या शर्टावर येते तशी. आणि त्या ओलीवर फुलपाखरं बसली होती. पंख मिटून, शेजारी शेजारी, सोंडा फरशीला लावून. मारियानं मला मागं सांगितलं होतं की त्यांना खारट ओल आवडते. मेंढरं बसवलेल्या जागी ती अशीच झुंडीनं बसायची. त्यामुळं मी स्वतःला सांगितलं, बिरुदेवनं पूर्वी इथं कोकरं बांधली असतील, फरशीखालचं मीठ वर येत असेल. कारण सापडलं की बरं वाटतं. मी फडक्यानं ओल पुसली.

पुसताना माझ्या मानेवर गरम श्वास लागला, असं मी म्हणणार नाही. पंखा बंद होता, उकडत होतं, आणि मी वाकलो होतो. फडकं तिथंच टाकून मी उठलो एवढं मात्र खरं.

छन्नी मारून टाके तोडावेत असं त्याच वेळी मनात आलं होतं. पण सिमेंट अजून कच्चं होतं. हातोड्याच्या दणक्यानं चौकट हलली असती. एवढं देखणं दार मी फुलपाखरांसाठी कललेलं ठेवणार नव्हतो. उद्या लाइट येईल, ग्राइंडर चालेल, उद्या कापू.

६

रविवारी लाइट आली नाही. रुक्सानाच्या कारखान्यात दिवाळीआधीची घाई, ती रविवारीही गेली. मी घरी थांबलो. बाहेर झुंड पातळ झाली होती. सकाळपासून येत होती, पण मधे मधे माळ रिकामा दिसायचा.

"मारिया?" मी हाक मारली.

"हौ अब्बा." आवाज मागच्या खोलीतून.

ती माठाजवळ बसली होती. वळसा न घालता गेली असणार, कारण ती त्याच जागेवर मांडी घालून बसली होती, बंद दाराकडं तोंड करून. आजूबाजूला ओल होती. काल दोन डाग होते, आता चार, नवे दोन लहान. तिच्या फ्रॉकची कड भिजली होती. फुलपाखरं तिच्या गुडघ्यांवर, हातांवर, केसांवर बसली होती आणि ती त्यांना हलवत नव्हती.

"इथं काय करतेस?"

"गार आहे इथं."

"ऊठ, बाहेर चल."

"थांबलेत," ती म्हणाली.

"कोण थांबलंय?"

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. सहा वर्षांची पोरगी एवढा वेळ एका जागी बसते, तिला खाज येत नाही, कंटाळा येत नाही, हे कुठल्या बापाला खरं वाटेल? मला भीती वाटली. आधीचे दोन दिवस मी त्या भीतीला दुसरी नावं देत होतो, आता दिली नाहीत.

पुढच्या अंगणात जाऊन मी बिरुदेवला फोन लावला. रेंज नव्हती. पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेवटी लागला तेव्हा मागं मेंढरांचा कालवा ऐकू आला. मी म्हणालो, मावशीला दे.

"बोल लेकरा," म्हाळसाबाई म्हणाली. "पाखरं आली का?"

"आली. मावशी, मागं मी दार बसवलंय."

"लावलंया व्हय ते?"

"टाके मारलेत. सध्या उघडत नाही."

"पोरगी कुटं हाय?"

"आतच आहे. बसलीय."

"कुटं बसलीया?"

मी सांगितलं.

"पाखरं अजून जात्यात न्हवं?" आता तिचा आवाज बारीक झाला होता.

"थोडी थोडी. संपत आलीत."

"मग आत्ताच्या आत्ता उघड. फोड, तोड, काय बी कर. पाखरं सरली म्हंजी त्येला सोबत कुनाची? एकटं त्येला जाया येत न्हाय."

"कुणाला, मावशी?"

"मी कंदी इचारलं न्हाय. माज्या सासूनं बी न्हाय इचारलं. आमी वाट द्यायचो. तू पोरीला आदी उचल तितनं."

७

मी मारियाला उचललं. ती हलकी लागली. पोरगी आजारातून उठलेली, अजून अंग धरलेलं नाही, असं मी मनात म्हटलं आणि तिला पुढच्या अंगणात बाजेवर नेऊन बसवलं. तिचा चेहरा हातात धरून सांगितलं, "इथून हलायचं नाही. अब्बा दार उघडून येतो. हललीस तर बघ."

"हौ," ती म्हणाली.

अवजारांच्या पेटीतून छन्नी आणि मोठा हातोडा घेतला. मागच्या खोलीत शिरलो तेव्हा माझे पाय पुन्हा भिंतीकडं सरकायला लागले. मी त्यांना सरकू दिलं. वरचा टाका आधी घेतला. घाव बसला तसा सगळा पत्रा घणघणला आणि चौकटीभोवतीचं सिमेंट चिरून खाली पडायला लागलं. माझं स्वतःचं काम मी असं कधी फोडलं नव्हतं. दर घावाला मी मागं वळून बघत होतो. दोन्ही खोल्यांमधून सरळ पुढचं अंगण दिसत होतं, बाजेची एक कड दिसत होती, मारियाचे लोंबते पाय दिसत होते. ते हलत होते. तेवढं बघायचो आणि पुढचा घाव घालायचो.

शेवटचा टाका तुटला. दार बाहेरच्या बाजूला गेलं, चौकट तिरकी झाली, आणि मावळतीचा उजेड एकदम आत आला.

माळावर जी काही शेवटची झुंड राहिली होती ती जणू याचीच वाट बघत होती. पुढच्या दारातून ती आत आली, पहिली खोली भरली, दुसरी भरली. मी दाराच्या एका अंगाला उभा होतो. माझ्यापासून हातभर जागा सोडून ती बाहेर पडत होती. मग माठाजवळ ती फाकायला लागली. ती जागा हलली. माझ्या अगदी शेजारून गेली. घामाचा आणि ओल्या लोकरीचा वास आला, खूप चाललेल्या माणसाचा. उंबऱ्यापाशी ती किंचित थांबली आणि बाहेर पडली. माळावर पिवळ्या झुंडीत मला ती स्वच्छ दिसली, मावळतीकडं चाललेली.

मी हसलो. चक्क मोठ्यानं हसलो. हातातला हातोडा खाली पडला. गेलं, मी म्हणालो, गेलं एकदाचं. रुक्सानाला आता सगळं सांगायचं, तिनं हसायचं तर हसू दे. उद्याच इथून सामान हलवायचं. मारियाला घेऊन आधी कुठंतरी गर्दीत जायचं, भागवत थिएटरच्या चौकात, जिथं माणसंच माणसं आहेत.

तेव्हा मला दिसलं की जागा एक नव्हती.

मोठ्या जागेच्या शेजारी एक लहान होती. माझ्या कमरेएवढी. फुलपाखरं दोघांच्या बाहेरून जात होती, दोघांच्या मधून नाही. मोठीच्या आणि लहानीच्या मधे जेवढं अंतर होतं, तेवढं हात धरून चालताना असतं.

"मारिया!" मी ओरडलो.

"आले अब्बा," मागून आवाज आला. पुढच्या अंगणातून. तिचाच आवाज, झोपेतून उठल्यासारखा.

आणि तिकडं माळावर लहान जागा थांबली.

माझ्यामागं फरशीवर अनवाणी पावलं वाजली. मारिया येऊन माझ्या शेजारी उभी राहिली आणि तिनं माझा हात धरला. हात गार होता, भिजलेला. मी खाली बघू शकलो नाही, माळाकडंच बघत होतो. लहान जागा उलटी फिरली होती. झुंडीच्या विरुद्ध दिशेनं, घराकडं, थोडी आली. फुलपाखरं तिच्यापुढं फाकत होती. ती धावत होती. मग मोठी तिच्यामागं आली, तिच्याजवळ थांबली, आणि दोघी पुन्हा मावळतीकडं वळल्या.

मी पुढं पाऊल टाकलं. हात सुटेना. एवढ्याशा पोरीच्या हातात एवढी ताकद कुठून येईल? मी ओढलं, हिसडा दिला.

"कुठं चाललात अब्बा?" ती म्हणाली. "मी इथंच आहे की."

तेव्हा मी खाली बघितलं. तिचाच चेहरा, तिचाच फ्रॉक, कपाळावर तिचाच तीळ. झुंडीची शेवटची फुलपाखरं दारातून बाहेर पडत होती. माझ्यापाशी येऊन ती हातभर बाजूला होत होती. तिच्यापाशी होत नव्हती. तिथं कुणी उभं आहे हे त्यांना दिसतच नसल्यासारखी ती सरळ येत होती, तिच्या कपाळावर, गालांवर, उघड्या डोळ्यांवर आपटून खाली पडत होती, आणि ती डोळे मिटत नव्हती.